बायोहॅकिंगला क्लृप्ती का म्हणू नये?

प्रश्न असा आला आहे. पुण्यातल्या एका कंपनीत ‘कॉर्पोरेट वेलनेस’चा आठवडा साजरा व्हायचा आहे आणि त्याच्या मराठी भित्तिपत्रकावर ‘बायोहॅकिंग करा, तन-मनाने स्वस्थ राहा’ अशी ओळ जवळजवळ ठरली आहे. बायोहॅकिंगच्या जागी ‘जैवहॅकिंग’ लिहावं, की एका सहकाऱ्याने सुचवलेला ‘देहजुगाड’, एवढंच विचारलं आहे.

आधी ते ‘स्वस्थ राहा’ काढा. बायोहॅकिंगचं मग पाहू. हिंदी जाहिराती मराठीत उतरवणाऱ्यांनी हा शब्द आपल्या इतका गळी उतरवलाय, की आता चांगले शिकलेले लोकही ‘स्वस्थ आहार’, ‘स्वस्थ हृदय’ म्हणतात. आई पोराला ‘जरा स्वस्थ बस’ म्हणते, तेव्हा ती त्याच्या तब्येतीबद्दल बोलत नसते. ‘मला अस्वस्थ वाटतंय’ म्हणणाऱ्याला आपण थर्मामीटर लावत नाही, ‘काय झालं?’ असं विचारतो. कर्मचाऱ्यांना लेखी ‘स्वस्थ राहा’ सांगितलंत, तर ते मराठी अर्थाने खुर्चीत स्वस्थ राहतील, आणि ते तुमच्या कंपनीला परवडायचं नाही. ‘प्रकृतिअस्वास्थ्यामुळे कार्यक्रम रद्द’ हे वाक्य कुणी तोंडावर फेकेल. तिथे ‘प्रकृति’ मुद्दाम जोडावा लागतो, यातच सगळं आलं.

गंमत अशी, की मूळ शब्दात दोन्ही आहे. सुश्रुताने स्वस्थ माणसाची व्याख्या केली, तिचा पूर्वार्ध दोष (वात, पित्त, कफ), अग्नी म्हणजे पचनशक्ती, शरीरातले धातू आणि मलक्रिया सम असण्याचा आहे आणि उत्तरार्ध ‘प्रसन्नात्मेन्द्रियमनाः’, म्हणजे आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असण्याचा. हिंदीने पूर्वार्ध ठेवला, आपण उत्तरार्ध. ज्याला शरीराबद्दल बोलायचं आहे त्याने मराठीत ‘निरोगी’ म्हणावं, ‘ठणठणीत’ म्हणावं, ‘तब्येत सांभाळा’ म्हणावं. शब्दांचा तुटवडा नाही.

आता बायोहॅकिंग. त्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहेच: शरीर अधिक चांगलं चालावं म्हणून स्वतःवर केलेल्या खटपटी. सकाळी उन्हात उभं राहणं, बर्फाच्या पाण्यात बसणं, सोळा तास पोट रिकामं ठेवणं, रात्री झोप कशी लागली हे सकाळी बोटातल्या अंगठीला विचारणं. प्रयोगशाळेबाहेर जनुकांशी खेळणारेही हाच शब्द वापरतात, तो अर्थ इथे सोडून देऊ. इंग्रजीत ‘हॅक’ म्हणजे मुळात कुऱ्हाडीने सपासप तोडणं. एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रशिक्षण संस्थेच्या, आगगाडीच्या प्रतिकृती बनवणाऱ्या विद्यार्थी-क्लबाच्या एप्रिल १९५५ च्या इतिवृत्तात, विजेच्या यंत्रणेवर ‘हॅकिंग’ करणाऱ्यांनी फ्यूज उडू नये म्हणून आधी वीज बंद करावी, अशी सूचना आहे. यंत्र समजून घेऊन त्याच्याशी चतुराईने खटपट करणं हा अर्थ तिथून वाढला. चोरीचा अर्थ नंतर चिकटला.

‘जैवहॅकिंग’ नको. परिभाषा घडवणाऱ्यांची ही खोड जुनी आहे, ‘बायो’ दिसला की ‘जैव’ डकवायचा. जैवइंधन, जैवविविधता ठीक आहे, पण जैवहॅकिंग वाचून माणसाला बियाण्यांचा काळाबाजार आठवेल. ‘देहजुगाड’ तर मुळीच नको. जुगाड हिंदीतून आलाय, आणि त्यात तारेने बांधून वेळ मारून नेल्याचा वास आहे. आपल्याकडे युक्ती आहे, शक्कल आहे, हिकमत आहे, आणि सगळ्यांत वर क्लृप्ती आहे.

हिकमतीला मी सहज नाकारणार नाही. मराठीत हिकमती माणूस म्हणजे खटपट्या, डोकेबाज. पण हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आलाय. ‘हकीम’ त्याच धातूचा, आणि उर्दूत ‘हिकमत’ म्हणजे चक्क हकिमाचा व्यवसाय, युनानी वैद्यक. ‘हॅक’ आणि ‘वैद्यक’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटात, तेही आयते! शुद्धिवाद्यांना तो अरबी आहे म्हणून चालणार नाही. त्यांनी ‘तब्येत’ही अरबी आहे हे लक्षात ठेवून आधी स्वतःची तब्येत सोडावी.

तरी माझं मत क्लृप्तीला.

वर्णमालेत ‘ऋ’च्या पुढे तो ‘ऌ’ बसलेला असतो ना, ज्याला शाळेत कुणी काही विचारत नाही, तो संस्कृतात एकाच धातूपुरता जगतो. तो धातू ‘कॢप्’. अख्खा स्वर एका धातूसाठी राखून ठेवलेला! त्याचा अर्थ जुळणं, योग्य होणं, समर्थ होणं. धातुपाठात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणाला जोडलेल्या धातूंच्या यादीत, तो ‘कृपू सामर्थ्ये’ असा दिलाय आणि मग ‘कृपो रो लः’ या सूत्राने पाणिनी त्यातल्या ‘र’चा ‘ल’ करतो. या धातूची पोरं पाहा: कल्प, कल्पना, प्रकल्प, संकल्प, विकल्प. आणि कायाकल्प. म्हणजे ‘हॅक’ला मराठीत जो नेमका शब्द आहे, क्लृप्ती, आणि शरीर नवं करून घेण्याच्या खटाटोपाला जो जुना शब्द आहे, कायाकल्प, ते सख्खे भाऊबहीण आहेत. मनाचं म्हणाल, तर ‘वेदान्तसार’ या ग्रंथात मनाची व्याख्याच ‘संकल्पविकल्पात्मिका’ वृत्ती अशी आहे. शरीराचा तो कल्प, मनाचे ते संकल्प आणि विकल्प. तुमच्या भित्तिपत्रकातलं ‘तन-मन’ एका धातूत बसलं. यापुढे कुणी ‘देहजुगाड’ म्हणालं तर मी बोलणार नाही.

कायाकल्पाबद्दल दोन शब्द, कारण त्याचाही आता बट्ट्याबोळ झालाय. केंद्र सरकारने २०१५ साली ‘कायाकल्प’ नावाची योजना आणली, ती सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी. योजना चांगली, पण काया कुणाची? इमारतींना मराठीत ‘कायापालट’ होताच, एसटी स्टँडपासून बागेपर्यंत सगळ्यांचा होतो. कायाकल्प माणसाचा. त्याला आयुर्वेदाचार्य चरकाचा स्वतःचा शब्द ‘रसायन’, तो आपण रसायनशास्त्राला देऊन बसलो, त्यामुळे ‘रसायन घ्या’ असं भित्तिपत्रकावर लिहिलं तर पोलीस येतील.

चरकाने रसायनाचे दोन प्रकार सांगितलेत. पहिला कुटीप्रावेशिक. त्यासाठी बांधायची कुटी तो बारकाईने सांगतो: ‘त्रिगर्भा’, म्हणजे एकीच्या आत एक अशा तीन खोल्यांची, ‘सूक्ष्मलोचना’, म्हणजे बारीक झरोक्यांची, जाड भिंतींची, सर्व ऋतूंत सुखाची, नको ते आवाज आत न येणारी आणि ‘मनसः प्रिया’. मनाला आवडणारी! आत शिरण्याआधी मनातले दोष झटकून टाकायचे आणि सर्व प्राण्यांशी मैत्री चिंतायची, असंही तो बजावतो. शरीराच्या उपचाराची तयारी मनापासून. दुसरा प्रकार वातातपिक, म्हणजे वाऱ्याउन्हात वावरत, आपला संसार सांभाळत करायचा. पुढे त्यालाच तो ‘सौर्यमारुतिक’ म्हणतो आणि कुटी कुणासाठी ते स्पष्ट करतो: जे समर्थ, निरोगी, बुद्धिमान, मनावर ताबा असलेले, ‘क्षणिन्’ म्हणजे सवड असलेले आणि ‘परिच्छदवान्’ म्हणजे नोकरचाकर, साधनसामग्री असलेले. बाकीच्यांनी सूर्य आणि वारा. पहिला प्रकार श्रेष्ठ खरा, पण फार कठीण, हेही त्यानेच म्हटलंय.

पंडित मदनमोहन मालवीय १९३८ साली, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, तपसी बाबा नावाच्या साधूच्या देखरेखीखाली असे कुटीत राहिले होते. ते देशभर गाजलं. काळेभोर केस आणि नवे दात या आशेने लोक पाहत होते. मालवीय १९४६ साली गेले. आज अमेरिकेतला ब्रायन जॉन्सन हा उद्योजक वर्षाला सुमारे २० लाख डॉलर खर्चून, दिवसाचं शेवटचं जेवण सकाळी अकराच्या सुमारास उरकून वय मागे न्यायला निघालाय. तो सवड असलेला आणि साधनसामग्री असलेला, म्हणजे शुद्ध कुटीप्रावेशिक. तुमचे कर्मचारी हिंजवडीच्या रहदारीतून येणारे. त्यांच्यासाठी सौर्यमारुतिक, म्हणजे ऊन आणि वारा, आणि तोही कामावर जाताना वाटेत मिळतो तेवढाच.

आता माझा लाडका तर्क. तो कोशात सापडणार नाही.

ऋग्वेदात ‘कृप्’ नावाचं एक नाम आहे. ते बहुधा तृतीयेतच भेटतं, ‘कृपा’ असं, आणि त्याचा दयेशी संबंध नाही. सातव्या मंडलात अग्नी ‘स्वया कृपा तन्वा रोचमानः’ आहे, म्हणजे स्वतःच्या रूपाने, स्वतःच्या तनूने झळकणारा. हा ‘कृप्’ म्हणजे रूप, आकार, काया. लॅटिनमधला ‘कॉर्पस’ त्याचा नातलग, अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातला ‘केह्र्प’सुद्धा. आणि ‘कॉर्पस’वरून ‘कॉर्पोरेट’. तुमच्या ‘कॉर्पोरेट वेलनेस’मधला कॉर्पोरेट मुळात शरीर असलेला, एकदेह झालेला. हे सर्वमान्य आहे, इथवर भांडण नाही.

भांडण पुढे आहे. पाणिनी ‘सामर्थ्य’वाला धातू ‘कृप्’ म्हणून देतो आणि वेदात ‘कृप्’ म्हणजे काया. माझं म्हणणं, हे दोघे एकच. नीट जुळलेला, समर्थ झालेला आकार तो देह, आणि आकार जुळवण्याची हातोटी ती क्लृप्ती. पाश्चात्त्य व्युत्पत्तिकार कॉर्पसपर्यंत आनंदाने येतात आणि कॢप् समोर आला की कचरतात. अमेरिकन संस्कृत-पंडित व्हिटनीने १८८५ च्या धातुसंग्रहात कॢप् वेगळाच मांडला. पण व्हिटनीला धातुपाठाबद्दल मुळातच आकस होता, भारतीय वैयाकरणांनी धातू मनाने रचले असं त्याचं मत. ज्याला पाणिनीचा ‘र’ नको त्याला माझा तर्कही नकोच असणार. कुणी ‘कृपण’ आणि दयेची ‘कृपा’ घेऊन येईल, तर ते शोक करण्याच्या अर्थाचं तिसरंच बिऱ्हाड आहे, त्याला इथे आणू नका.

‘आकार’पासून ‘युक्ती’पर्यंत अर्थ जातो कसा, असा आक्षेप येतो. अहो, आपल्याच घरात पाहा! अरबीत ‘शक्ल’ म्हणजे रूप, आकार. हिंदीत ‘शकल’ म्हणजे चेहरा. मराठीत आल्यावर तिची ‘शक्कल’ झाली आणि आपण ती लढवू लागलो. आकार ते युक्ती हा प्रवास एका परक्या शब्दाने मराठीच्या अंगणात करून दाखवलाय. मग संस्कृताला तीन हजार वर्षांत तो जमला नसेल? मला तरी यापेक्षा चांगला पुरावा लागत नाही. ज्यांना लागतो त्यांनी ‘लहान’ हा शब्द ‘लघु’वरून आला असं आधी म्हणणं थांबवावं. तो ‘श्लक्ष्ण’वरून प्राकृतातल्या ‘लण्ह’मार्गे आलाय, आणि तरी ‘लघु’वाले हटत नाहीत. पुराव्याची चाड तिथे कुठे जाते?

बाकीचे शब्द पटापट. ‘मॉर्निंग सनलाइट एक्स्पोजर’ला ‘कोवळं ऊन खाणं’. ऊन खातात, घेत नाहीत, हे अनुवादकांनी पाठ करावं. शरीराच्या घड्याळावरच्या संशोधनाला २०१७ चं नोबेल मिळालं हे भित्तिपत्रकावर टाका हवं तर, पण ‘सर्कॅडियन रिदम’ला ‘दैनिक लय’ पुरे. ‘कोल्ड प्लंज’ला ‘शीतनिमज्जन’ असं काही घडवू नका. नदीत, विहिरीत आपण डुबकी मारतोच, ‘गार डुबकी’ म्हणा. हृदयविकारवाल्यांनी डॉक्टरांना विचारून, ही ओळ मात्र त्याच आकाराच्या अक्षरात. ‘इंटरमिटेंट फास्टिंग’ला ‘उपवास’ म्हणू नका. मराठी माणसाला उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी दिसते, ‘एकादशी दुप्पट खाशी’ उगाच म्हणत नाहीत. ‘लंघन’ जवळचं, पण चरकाच्या लंघनात वारा, ऊन, तहान आणि व्यायामही येतात. शिवाय तापात आधी लंघन सांगताना भीती, राग, शोक आणि श्रम यांनी आलेला ताप त्याने वगळलाय. मनाने खचलेल्याला उपाशी ठेवू नये, एवढं त्याला कळत होतं. ‘लंघनं परमौषधम्’ एवढाच तुकडा छापणाऱ्यांना कळत नाही. तुमच्या आठवड्यापुरतं ‘ठरल्या वेळीच जेवणं’ लिहा. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोनदा जेवण्याच्या पद्धतीने हे घरोघर पोहोचलंय, वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि बायोहॅकिंग? शीर्षकात ‘बायोहॅकिंग’च ठेवा, लोकांना तोच कळतो. खाली ‘आरोग्याच्या क्लृप्त्या’ लिहा. फक्त मुद्रकाला सांगा, ‘क्लुप्त्या’ छापू नकोस. मराठीत ‘ल’ला ऋकार देऊन ‘क्लृ’ लिहितात, ते आता रूढ झालं, चालेल. मूळ लेखनात ‘क’ला ऌकाराचीच मात्रा लागते, ‘कॢप्ति’. संगणकावर ती मात्रा वेगळी आहे, आणि बऱ्याच फॉन्टांत ती धड उमटत नाही. उमटली तर तीच वापरा.