हिंगोलीहून मुंबई-पुण्याच्या गॅलरीला चित्रं पाठवायची आहेत. पॅकिंग कसं करावं आणि किंमत कशी ठरवावी?

पॅकिंगचं आधी बोलतो, कारण त्यावरून मी भांडलोय.

मी परभणीत राहतो, घर चित्रांवरच चालतं. काही वर्षांखाली पुण्याच्या एका गॅलरीला अ‍ॅक्रिलिक रंगातली तीन मोठी चित्रं दिली होती. विकली गेली नाहीत, म्हणून त्यांनी ऐन मे महिन्यात ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून परत पाठवली. बबल रॅप थेट रंगावर, बुडबुडे आतल्या बाजूला, वरून चिकटपट्टीचे वेढे. अ‍ॅक्रिलिक हाताला कोरडं लागलं तरी उष्णतेत मऊ पडतं, आणि आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको. समोरून चित्र ठीक दिसत होतं. खिडकीशी नेऊन तिरपं धरलं तर गडद निळ्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत गोल गोल चकचकीत ठसे. ते पुसून जात नाहीत.

गॅलरी म्हणाली, "आमच्याकडे आली तेव्हाच तशी होती." पण पाठवण्याआधी मी प्रत्येक चित्राचे समोरून, मागून आणि तिरप्या उजेडात फोटो काढून चलनाला, म्हणजे चित्रांसोबत द्यायच्या पावतीला, जोडले होते. त्यावर त्यांच्या माणसाची सही आणि शिक्का होता. चलनावर नाव, माप, माध्यम, किंमत, कमिशन, परतीची तारीख आणि एक ओळ: चित्र गॅलरीच्या ताब्यात असताना किंवा परत येताना खराब झालं तर कमिशन वजा जाता बाकी रक्कम गॅलरी देईल. दोन हप्त्यांत का होईना, पैसे आले.

हेच चलन बघून आमच्या एका ज्येष्ठ सरांनी मला चारचौघांत सुनावलं होतं, "तू चित्रकार राहिला नाहीस, दुकानदार झालास." सही मागणं म्हणजे अविश्वास, हे त्यांचं मत अजून तसंच आहे. एक तारखेला पगार जमा होणाऱ्याला असं बोलणं परवडतं. ज्याच्या पोरांची फी चित्रांतून भरायची आहे त्याला नाही परवडत. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारनं काढून टाकलं, त्यात त्याची मोडतोड झाली. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. एवढा मोठा शिल्पकार सरकारशी भांडला, त्यांना कोण दुकानदार म्हणेल?

तर पॅकिंग. रंगाला काहीच टेकू नये. चारी कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे कोपरे लावा, त्यावर पुठ्ठ्याचा सपाट तक्ता, मग बबल रॅप. मोठ्या कामाला सुताराकडून प्लायची पेटी करून घ्या. झाकण स्क्रूचं हवं, खिळ्यांचं नको. खिळे दिसले की तिकडचा माणूस पटाशी घालून उचकटतो आणि टोक कॅनव्हासमधून जातं. आत कसं भरायचं याचा फोटो झाकणाच्या आतून चिकटवा, परत भरणारे तेच असतात. फ्रेमला काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक प्लास्टिक शीट बरी. तैलरंग पुरता वाळायला सहा महिने ते वर्ष घेतो, ताजं पाठवूच नका.

किंमत म्हणाल, तर चौरस इंचाचा एक दर धरा आणि घरी, गॅलरीत तोच ठेवा. गॅलरी साधारण ३० ते ५० टक्के घेते, ते त्या दरातच बसवा. पाहुण्यांना घरी निम्म्यात दिलं की गॅलरीला कळतंच.

जलरंगाचं वेगळं आहे, त्याला ओल मारते, पावसाळ्यात पाठवणं टाळा.

आणि हे राहिलंच: चित्र विकलं तरी कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, लेखी दिल्याशिवाय जात नाही. मात्र पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचं उलटं आहे. १९५७ च्या कायद्यानं, वेगळं काही ठरलं नसेल तर कॉपीराइट चित्र करवून घेणाऱ्याचा. सरांनी एका संस्थेच्या संस्थापकांचं व्यक्तिचित्र केलं, संस्थेनं ते न विचारता कॅलेंडरवर छापलं, आणि सर आजही त्याबद्दल दुखावलेले आहेत. अ‍ॅडव्हान्स घेताना दोन ओळी लिहून घेतल्या असत्या, तर संस्थेला त्यांच्या दारात यावं लागलं असतं.