आधी तो बॉक्स माळ्यावरून खाली आणा

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. "बाबा आता कायमचे आमच्याकडे आलेत. येताना रेडिओवरून टेप केलेल्या नभोनाट्यांच्या, भावगीतांच्या कॅसेटी घेऊन आले. बॉक्स अॅटिकमध्ये ठेवलाय. बाबा त्यातच रमतात, मुलं जवळ बसत नाहीत. मी म्हणते, हे सगळं यूट्यूबवर मिळतंच की. मुलांना जुने मराठी सिनेमे कसे दाखवू, तेही सांगा."

ताई, दोन्हीकडून तुमची ओढाताण होतेय, ते कळतं. पण तो बॉक्स आजच खाली आणा. उन्हाळ्यात माळा तापतो आणि कॅसेटचं कवच वाकतं. बेसमेंटही नको, दमटपणाने फितीला बुरशी धरते. बैठकीतल्या कपाटात, स्पीकरपासून दूर, उभ्या ठेवा.

आणि "यूट्यूबवर मिळतं" हे बाबांना पुन्हा म्हणू नका बरं. पुणे केंद्रावर १९५५ साली सुरू झालेलं गीतरामायण मिळेल, छप्पन्नच्या छप्पन्न गीतं मिळतील. पण घरी टेप केलेली श्रुतिका, निवेदकाची उद्घोषणा, मध्येच स्वयंपाकघरातून आलेली आईची हाक कुठे मिळणार? माझ्या सासूबाईंच्या एका कॅसेटवर नाटक संपताच आजेसासरे बोलतात. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

आता काम: या कॅसेटी लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे चौकोन मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट लावू नका, वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. हेडसमोरची (हेड म्हणजे फीत वाचणारा यंत्राचा भाग) नमद्याची गादी निखळली असेल तर आवाज दबतो. अशी फीत स्क्रूने उघडणाऱ्या नव्या कवचात हलवायची. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळा. सी-१२०, म्हणजे १२० मिनिटांची, मात्र नाही, तिची फीत फार पातळ असते, अडकते.

बाबांचा २३० व्होल्टचा सेट तिथल्या १२० व्होल्टवर चालायचा नाही. लाइन-आउट, म्हणजे आवाज बाहेर नेण्याचं भोक, असलेला जुना कॅसेट डेक घ्या. यूएसबीवाले स्वस्त वॉकमन टाळा, त्यांचा वेग डगमगतो आणि सूर हलतो. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डेकची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, आवाज फाटतो. मध्ये यूएसबी ऑडिओ इंटरफेस हवा, म्हणजे डेकचा आवाज लॅपटॉपला डिजिटल करून देणारी छोटी डबी. रेकॉर्ड करताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, घरघर बहुधा त्याचीच असते. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंत. घरच्या टेपरेकॉर्डरला सहसा डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) नसायची, म्हणून डेकवरची बंद ठेवा. तरीही 'स' बोथट वाटला, तर हेडशेजारचा बारीक स्क्रू तो धारदार होईपर्यंत किंचित फिरवा. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं, कारण टेप करणाऱ्या यंत्राच्या हेडचा कोन वेगळा असतो.

नव्वद मिनिटांची वेव्ह फाइल साधारण दीड जीबी होते. मूळ फाइलला हात लावू नका, खरखर काढायची ती प्रतीवर. एक डिस्क तुमच्याकडे, दुसरी भारतात भावंडांकडे.

कॅसेट वाजते तेवढाच वेळ लागतो, तेव्हा रविवारी दोनच घ्या. बाबांना शेजारी बसवा: केंद्र कुठलं, साल कुठलं, कोणाचा आवाज, ते सांगतील. मुलाने ते फाइलच्या नावात टाइप करायचं. आजोबांजवळ बसायला त्याला एवढं कारण पुरतं.

सिनेमाचं म्हणाल, तर उपशीर्षकं असलेला कुठलाही लावा आणि पहिल्यांदा मध्यंतरापर्यंतच दाखवा.