शंका-समाधान : संत थोमा आणि भारत

३ जुलैच्या सणानंतर येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेल्या संत थोमांविषयी बरीच पत्रे आली. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : संत थोमा इ.स. ५२मध्ये केरळात उतरले असे प्रवचनात ऐकले. याला पुरावा काय? (वसई)

५२ हे साल केरळच्या परंपरेतून आले आहे, समकालीन शिलालेखातून किंवा कागदातून नाही. या परंपरेचा एक मोठा आधार म्हणजे ‘रंबान पाट्टू’ हे मल्याळम गीत, आणि ते आजच्या रूपात १६०१चे मानले जाते. घटना आणि गीत यांच्यात दीड हजार वर्षे गेली. एवढ्यावरून परंपरा खोटी ठरत नाही. पण ५२चा आकडा जन्मदाखल्यासारखा पुढे करू नये.

असा प्रवास शक्य होता का, याचे उत्तर मात्र ठाम ‘हो’ असे आहे. इजिप्तच्या एका बंदरातून वर्षाला १२० जहाजे भारताकडे निघत, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या ओकेलिसहून मोसमी वारे धरले तर ४० दिवसांत मुझिरिस बंदर गाठता येई, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. मुझिरिस म्हणजे आजच्या कोडुंगल्लूरचा परिसर. तिथे जवळच पट्टणम गावी २००७पासून झालेल्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे ढीगभर तुकडे निघाले. पण यातून कळते ते इतकेच की वाट वाहती होती; तिच्यावरून कोण आले, हे खापरे सांगत नाहीत. लेखांत नेमकी इथेच गफलत होते : रोमन भांडी सापडली, की ‘थोमांचे आगमन सिद्ध’ अशी ओळ येतेच.

परंपरेतली सात चर्चे अशी : कोडुंगल्लूर, पालयूर, कोट्टक्काव (उत्तर परवूर), कोक्कमंगलम, निरणम, निलक्कल आणि कोल्लम. तमिळनाडूतल्या तिरुविदांकोडला ‘अर्धे’ धरतात, म्हणून ‘साडेसात चर्चे’. पालयूरला नंबूद्री (केरळी ब्राह्मण) घराण्यांचा बाप्तिस्मा झाला ही कथा सांगताना जपून सांगावी. नंबूद्रींच्या केरळातल्या वस्त्या बहुतेक इतिहासकार त्यानंतरच्या शतकांतल्या मानतात. आणखी एक घोटाळा नावाचा होतो. कनाई तोम्मा हा व्यापारी ३४५मध्ये केरळात आला असे परंपरा म्हणते. तो वेगळा, घाईत वाचणारे दोघांना एक करून टाकतात.

प्रश्न : मग गोंडोफर्नेस राजाची गोष्ट कुठे बसते? तो तर उत्तरेचा. (पुणे)

बरोबर, तो उत्तरेचाच. ही गोष्ट ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात येते. एडेसाच्या (आजच्या तुर्कस्तानातले उर्फा) परिसरात, बहुधा तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तो सिरियाक भाषेत लिहिला गेला. त्यात थोमांना सुतारकाम येणारा गुलाम म्हणून हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला विकले जाते. राजा महाल बांधायला पैसे देतो, ते पैसे थोमा गोरगरिबांत वाटून टाकतात, आणि ‘महाल स्वर्गात उभा राहिला’ म्हणतात.

ग्रंथात चमत्कारांची रेलचेल आहे, म्हणून हा राजाही काल्पनिकच समजला जाई. एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान-पंजाबकडे त्याची नाणी सापडू लागली, आणि तख्त-इ-बाहीचा (आज पाकिस्तानात) शिलालेखही मिळाला. त्यावर राज्यारोहणाचे २६वे वर्ष आणि १०३ हे संवत आहे. हा विक्रम संवत धरला तर १०३ वजा ५७, म्हणजे इ.स. ४६. थोमांच्या काळाशी हे जुळते. राजा खरा निघाला, म्हणजे लेखकापाशी जुनी माहिती होती. संपूर्ण कथा खरी निघाली असे नव्हे.

आमचे मत असे की उत्तरेचा ग्रंथ, केरळची परंपरा आणि चेन्नईतल्या मैलापूरची समाधी हे तीन वेगळे धागे आहेत. ‘आधी तक्षशिला, मग केरळ, मग मैलापूर’ असा सरळ प्रवासनकाशा नंतरच्यांनी जुळवला.

प्रश्न : थोमांचे अवशेष नक्की कुठे? चेन्नईला समाधी, मग इटलीत काय आहे? (ठाणे)

चौथ्या शतकात अवशेष एडेसात होते, याची साक्ष भक्कम आहे. एका व्यापाऱ्याने ते भारतातून नेले असे एडेसातल्या स्तोत्रकार संत एफ्रेमच्या स्तोत्रांत येते, आणि त्याच शतकात एजेरिया ही यात्रेकरू स्त्री तिथे दर्शन घेऊन गेली. पुढे ते ग्रीसमधल्या खिओस बेटावर गेले आणि तिथून १२५८मध्ये इटलीतल्या ओर्तोनाला. ओर्तोनाहून हाताचे एक हाड १९५३मध्ये कोडुंगल्लूरजवळ अळीकोडला आणले. मैलापूरला आहे ती मूळ समाधीची जागा, हाडाचा लहान तुकडा आणि परंपरेने त्यांच्या वधाचे मानलेले भाल्याचे पाते. पोर्तुगीजांनी १५२३मध्ये ती समाधी उघडली होती.

३ जुलैचे मूळही इथेच आहे. अवशेष एडेसात पोचल्याची ही तिथी. पत्रिकांत ती सर्रास ‘मृत्युदिन’ म्हणून छापतात. रोमन कॅथलिक पंचांगात १९६९च्या फेरबदलापर्यंत सण २१ डिसेंबरला होता. म्हणून आजीच्या प्रार्थनापुस्तकात डिसेंबर आणि तुमच्या कॅलेंडरवर जुलै.

प्रश्न : चेन्नईच्या सेंट थॉमस माउंट या टेकडीवरचा क्रूस त्यांनी स्वतः कोरला का? (मडगाव)

नाही. १५४७मध्ये पोर्तुगीजांना तो खोदकामात सापडला. कडेने पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतली ओळ आहे, आणि घडणीवरून तो थोमांनंतर काही शतकांनी कोरलेला ठरतो. सोळाव्या शतकात एका विद्वान ब्राह्मणाकडून ती ओळ वाचून घेतली, तर त्यांनी थोमांची लांबलचक कथाच सांगितली. ओळ इनमीन डझनभर शब्दांची! आजही वाचनाबद्दल एकमत नाही. बऱ्याच अभ्यासकांनी मानलेल्या वाचनानुसार कोरून घेणारा ख्रिस्ताकडे स्वतःसाठी दया मागतो. थोमांचे नाव त्यात नाही. असे क्रूस कोट्टयमला आहेत, आणि तुमच्या गोव्यात आगशी येथेही २००१मध्ये एक मिळाला.

प्रश्न : महाराष्ट्राशी काही संबंध? (कल्याण)

थोमांचा थेट नाही. तुमच्या कल्याणचे नाव येते ते येशूचे दुसरे एक शिष्य संत बार्थोलोम्यू यांच्या संदर्भात. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक पँटेनस ‘इंडिया’त गेला, तेव्हा बार्थोलोम्यूंनी ठेवलेले मत्तयचे शुभवर्तमान त्याला मिळाले, असे चर्चचा इतिहासकार युसेबियस लिहितो. काही अभ्यासकांनी ही ‘इंडिया’ म्हणजे कल्याणचा किनारा मानली. अडचण अशी की त्या काळी ‘इंडिया’ म्हणताना अरबस्तान आणि इथिओपियाही त्यात यायचे. सहाव्या शतकातला प्रवासी लेखक कॉस्मस मात्र ‘कल्लिआना’त पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे नोंदवतो, आणि ते कल्याणच असे अनेकांना वाटते.

मुंबईत नाव आहे ते वेगळ्या वाटेने : १७१८मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च (आता कॅथीड्रल). किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे जात तो चर्चगेट. दरवाजा पाडला, स्टेशनाला नाव उरले.

प्रश्न : थोमांनी जखमेत बोट घातले, हे बायबलमध्ये कुठे आहे? (नाशिक)

कुठेच नाही. योहान २०:२७मध्ये येशू ‘बोट इकडे कर’ म्हणतो, आणि २८व्या ओवीत थोमा थेट ‘माझा प्रभू व माझा देव’ म्हणतात. बोट घातले ते चित्रकारांनी. आणि ‘थोमाचे शुभवर्तमान’ हे ११४ वचनांचे पुस्तक (पूर्ण प्रत १९४५मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीला मिळाली) बायबलचा भाग नाही. वर सांगितलेल्या ‘कृत्यां’शीही त्याची गल्लत करू नका.

प्रश्न : चेन्नईला एका दिवसात थोमांशी निगडित तिन्ही ठिकाणे होतील का? (सोलापूर)

होतील. सकाळी उन्हाआधी माउंट करा : टेकडी सुमारे ३०० फूट उंच, पायऱ्या सुमारे १३५. गुडघे दुखत असतील तर गाडीरस्ता आहे. क्रूस आल्टरमागे भिंतीत बसवलेला असल्याने अक्षरे जवळून दिसत नाहीत. मग मेट्रोने, आलंदूरला गाडी बदलून, लिटल माउंट. तिथली गुहा अरुंद आणि ठेंगणी, डोके सांभाळा. शेवटी मैलापूरचे सांतोम. उभे आहे ते चर्च १८९६चे, समाधी त्याच्या खाली. तिथे उतरायची वाट वेगळी असल्याने मिस्सा चालू असली तरी दर्शन अडत नाही.