वावर विकू नको, कॅम-के-टू मात्र नीट वाच

तू विचारलंस, दिग्रसजवळच्या गावातून जर्मनीत चेतापेशींवर पीएचडीला यायचंय, मुलाखतीसाठी काय वाचू, आणि बाबा दोन एकर विकायला निघालेत, विकू देऊ का?

आधी वावराचं. विकू नका बाप्पा! व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवायचे ते स्वखर्चाने शिकणाऱ्यांनी. तुला प्रयोगशाळेचा नोकरीचा करार मिळाला तर पगार असतो, बहुधा पूर्ण पदाच्या ६५ टक्के. विमा त्यातूनच कापतात. फक्त पहिला पगार महिनाअखेरीस येतो आणि घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत मागू शकतो. तेवढे पैसे हाताशी ठेव.

आता अभ्यास. चाळीस प्रथिनांची यादी पाठ करतेयस, ती बाजूला ठेव. एकच जोडी घे, पण मुळापासून. मी कॅम-के-टू हे चेतापेशीतलं एन्झाइम आणि त्याचा जोडीदार एनएमडीए रिसेप्टर घेतला होता. हा रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यातलं दार. त्यातून कॅल्शियम आत येतं, कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन त्याचे चार आयन धरतं आणि कॅम-के-टूला जाऊन बिलगतं. तेव्हा कॅम-के-टूने स्वतःच स्वतःला घातलेला अडसर निघतो. या एन्झाइमचे साधारण १२ घटक एकत्र असतात. एक घटक शेजारच्या घटकाच्या साखळीतल्या २८६ व्या अमिनो आम्लावर, थ्रिओनीनवर, फॉस्फेट लावतो. मग कॅल्शियम ओसरलं तरी काम चालूच, पाऊस उघडल्यावरही आपला नाला वाहतो तसं. १९९८ साली हा एक थ्रिओनीन बदललेल्या उंदरांना पाण्यात लपवलेल्या फळीची जागा शिकता आली नाही.

पुढे हेच कॅम-के-टू त्याच एनएमडीए रिसेप्टरच्या ग्लु-एन-टू-बी नावाच्या घटकाच्या शेपटीला चिकटतं. खरी गंमत इथे आहे. सायनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, बळकट होतो तो फॉस्फेट लावण्यामुळे, की नुसत्या चिकटण्यामुळे? २०२३ मध्ये आलेलं काम चिकटण्याच्या बाजूचं आहे. यावर तुझं मत विचारतीलच.

त्यावरून दुसरा प्रश्न हमखास येतो: दोन प्रथिनं भेटतात हे सिद्ध कसं करशील? ‘अँटिबॉडीने एक ओढलं, दुसरं सोबत आलं’ एवढ्यावर थांबू नको. पेशी फोडली की सगळ्याचा काला होतो, एरवी कधी न भेटणारीही चिकटतात. चिकटण्याची जागा बिघडवलेलं प्रथिन घेऊन तोच प्रयोग करीन, असं सांग. मी हे सांगितलं नव्हतं, आणि समोरच्या बाई बराच वेळ गप्प बसल्या होत्या.

मुलाखत गावातून देऊ नको. माझी ऐन मुलाखतीत लाइन गेली होती, उरलेली मोबाइलवर दिली. अमरावतीत मैत्रिणीकडे जा. वेळही तपासून घे: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात आणि साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं.