धडधाकट बुवांनी काम सोडून सरकारी मदतीवर राहावं का?

तुम्ही विचारलंय की फोंड्याकडच्या तुमच्या भजनी मंडळाचे बुवा पंचेचाळिशीतच रंगकाम सोडून 'आता सरकारनेच बघावं' म्हणतात, ते बरोबर का. माझ्या मते नाही.

आधी पैशांचं. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना महिना २,००० रुपये मिळतात, पण साठीनंतर. विधवा आणि दिव्यांग यांच्यासाठीही ती आहे. बुवा, भटजी, पाद्री किंवा मौलवी म्हणून तिथे वेगळा हक्क नाही. कला सन्मान योजना गरजू ज्येष्ठ कलाकारांसाठी आहे. आयुष्यभर पेटी-पखवाज वाजवलेल्या म्हाताऱ्याने ती घेतली तर त्यात लाज कसली? माझे काका अर्धांगवायूनंतर अशाच मदतीवर जगले आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

पण हातपाय चालत असताना? आपण ज्यांचे अभंग गातो त्यांच्याकडे बघा. गोरोबा मडकी घडवत, सावतोबा मळ्यात राबत, नामदेव शिंप्याच्या घरातले, सेना महाराज न्हावीकाम करत. तुकोबांचं तर वाण्याचं दुकान होतं आणि त्यांनी कीर्तनकाराला जिथे कीर्तन करायचं तिथे जेवूसुद्धा नको म्हणून बजावलं. कामाचा आणि भक्तीचा तंटा आपल्या परंपरेत नाहीच मुळी.

बुवांशी चारचौघांत बोलू नका, घरी जा. कदाचित कंबर धरली असेल, कदाचित कर्ज असेल. तसं असेल तर मंडळाने वर्गणी काढावी. नसेल तर सरळ सांगा, 'बुवा, सकाळी कामाला जा, एकादशीला आम्ही येतोच.'