मारुती ८००: गिअरबॉक्स उतरवण्याआधी डिस्ट्रिब्युटर बघा

१९९८ ची कार्ब्युरेटरवाली ८००, सकाळी इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाखाली रुपयाएवढा तेलाचा डाग, आणि गॅरेजवाला म्हणतो क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवू. थोडं थांबा. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. त्याची ओ-रिंग (रबरी कडी) किंवा केसिंगचं पॅकिंग कडक झालं की तेल ओघळत नेमकं बेल हाऊसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनला जोडलेल्या तोंडावर येतं. खालून बघणाऱ्याला सीलच गेलंय असं वाटतं. ओ-रिंग किरकोळ किमतीची. सीलच्या कामात पैसे जातात ते मजुरीत.

आधी थेंब बोटावर घेऊन हुंगा. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑईल. मग इंजिन सोडा, ड्राइव्ह शाफ्टची (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची) सीलं बघा.

इंजिन ऑईलच असेल तर थंड इंजिन डिग्रीझर आणि ब्रशने धुऊन पूर्ण कोरडं करा. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, एअर फिल्टर पिशवीने झाका. पेट्रोलने धुऊ नका. मग दहा मिनिटं आयडलवर ठेवून टॉर्चने बघा, त्यानंतर चार-पाच किलोमीटर चालवून पुन्हा बघा. धुतल्याबरोबर लांब पल्ल्याला नेलीत तर वारा तेल सगळीकडे फासतो आणि मेहनत वाया जाते. तेल खाली आणि मागे जातं, म्हणून थेंब कुठे पडतो याला फार महत्त्व देऊ नका. सगळ्यात वरची ओली जागा शोधा. टॅपेट कव्हरची (हेडवरच्या झाकणाची) मागची कड हाताला लागत नाही, तिथे छोटा आरसा घाला. इंजिन चालू असतानाच गळत असेल तर ऑईल प्रेशर स्विच आणि फिल्टरवर पहिला संशय घ्या. हेड, डिस्ट्रिब्युटर कोरडे आणि तेल फक्त हाऊसिंगच्या आतून, खालच्या फटीतून येतंय? मग गॅरेजवाला बरोबर आहे.

खाली शिरायचं तर गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही.

कुठलंही सील बदलण्याआधी ब्रीदर (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी नळी) तपासा, हे हमखास राहून जातं. आयडलवर तेलाचं झाकण काढा. जोराने धूर फुसफुसत असेल तर ब्रीदरचा पाईप चोंदलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. आतला दाब तसाच राहिला तर नवं सीलही गळणार. पाईप साफ करून पुन्हा बघा.

टॅपेट कव्हर गळतंय म्हणून बोल्ट आवळत सुटू नका. पत्रा वाकतो आणि गळती वाढते. नवं रबर पॅकिंग घाला, दोन्ही कडा पुसून कोरड्या करा, हलक्या हाताने आवळा. सिलिकॉनचे थर देणाऱ्यांना लांबच ठेवा: आत सुटलेला तुकडा ऑईल पंपाच्या जाळीत अडकला तर इंजिनच जाईल.

तेल टायमिंग बेल्टच्या बाजूने येत असेल तर पुढची कॅम आणि क्रँक सीलं एकदमच बदला. तेलात भिजलेला बेल्ट पुसून परत घालू नका, तोही नवाच टाका. आणि डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी बॉडी आणि रोटर (त्यातला फिरता भाग) दोन्हींच्या जागेवर खूण करा. बसवल्यावर टायमिंग लाइटने इग्निशन टायमिंग तपासून घ्या.