कागद माग

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. सरकारी खात्यातून कुणीतरी तुमच्या टेलिफोन कंपनीकडे फोनवर एका नंबरचे तीन महिन्यांचे कॉल रेकॉर्ड मागतंय आणि तुझे साहेब म्हणतात, देऊन टाक, बोलणं थोडंच ऐकवतोयस, नुसते नंबर तर आहेत. आणि तू मला विचारतोस, यात एवढं काय?

नुसते नंबर? तुझ्या वयाचा असताना मीही अशीच एक यादी प्रिंटरवर काढून दिली. देताना नजर गेली. एकाच नंबरवर रोज रात्री साडेअकराला कॉल, चार-पाच मिनिटांचा. मग एके दिवशी दवाखान्याला लागोपाठ तीन. त्यानंतर तो रात्रीचा कॉल बंद झाला, तो कायमचा. एक शब्दही न ऐकता मी एका अनोळखी घरात शिरून आलो होतो. कागद मागितला नाही. नोकरी कच्ची होती, घरी खाणारी तोंडं होती, साहेब समोर उभे होते. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं, असं आजही मनाला समजावतो. त्या माणसाचं पुढे काय झालं, ते कधीच कळलं नाही.

म्हणून सांगतो, कागद माग. सहीचा, कायद्याचं कलम लिहिलेला.

अमेरिकेत १९४५ ते १९७५ तीन तार कंपन्या परदेशी तारांच्या प्रती सरकारला देत राहिल्या. वॉरंट नाही, वरिष्ठांच्या तोंडी आश्वासनावर. तीस वर्षं! तू म्हणशील, कागदाने तरी काय होतं? अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या स्नोडेनने २०१३ मध्ये बाहेर काढलेल्या प्रकरणात तर गुप्त न्यायालयाचा लेखी आदेशच होता, व्हेरायझन या फोन कंपनीने कॉलचे तपशील रोज द्यावेत म्हणून. खरंय. पण कागद होता म्हणून तो लोकांसमोर आला, आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की ज्या कायद्याखाली तो आदेश दिला, त्यात असं सरसकट गोळा करणं बसत नाही. तोंडी हुकमावर अपील कुठे करशील?

गुन्हेगार पकडायला हवेत, हे मला सांगू नकोस. ज्याला खरी गरज आहे, त्याने सही करावी.

तो फोन उद्या परत येईल, आवाज चढलेला असेल. नाव, हुद्दा, वेळ वहीत लिहून घे आणि म्हण, ‘आदेश पाठवा, काढून देतो.’ साहेबांनी नोकरी घालवायची धमकी दिली तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. फक्त ‘तयार असलेली बरी’ म्हणून ती यादी आज रात्री काढून ठेवू नकोस. मी तशीच काढून ठेवली होती.